प्रचाराची गाडी वस्तीवर येईल तेव्हा : ख्रिस्ती मतदारांनी उमेदवाराला विचारायचे सहा प्रश्न

सोलापूर : 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाला मोजके दिवस उरले होते. 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल होता. 18 तारखेला संध्याकाळी भोंगे बंद होणार होते. तोवर जिल्ह्यातल्या अकराही मतदारसंघांत गाड्या फिरत राहणार होत्या. लाडकी बहीण 1500 ची 2100 होणार की महालक्ष्मीचे 3000 मिळणार, कर्जमाफी कोण देणार, उसाला भाव काय, यावर पारावर चर्चा रंगली होती. मराठा, धनगर, लिंगायत, मुस्लीम, दलित मतं कुठं जाणार याचीही गणितं रोज मांडली जात होती.

या गणितात एक समाज कुठंच दिसत नव्हता. तो म्हणजे गावोगावचा ख्रिस्ती समाज.

कारण उघड आहे. मतं थोडी. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या 10 लाख 80 हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरा नाही. सोलापूर जिल्ह्यात तर त्याहून कमी. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून सोलापूर शहरात आणि बार्शी भागात ख्रिस्ती कुटुंबं आहेत. पण तालुक्यात पाहिलं तर एका गावात चार घरं, दुसऱ्यात दहा, अशी विखुरलेली वस्ती. त्यामुळं उमेदवार येतो तो नाताळच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लावायला, केक कापायला आणि पाळकसाहेबांबरोबर फोटो काढायला. 2024 मध्ये तर मतदान नाताळच्या महिनाभर आधीच उरकलं. म्हणजे केकही निकालानंतरच.

मतं थोडी असली तरी प्रश्न थोडे नाहीत. आणि मत मागायला आलेल्या माणसाला प्रश्न विचारायला संख्या लागत नाही, तयारी लागते. आमदाराच्या हातात काय आहे आणि दिल्लीच्या हातात काय आहे हे आधी माहीत असलं, की "बघू, करू, वरपर्यंत पोचवू" या उत्तरावर गाडी पुढं सरकत नाही. म्हणून हे सहा प्रश्न.

1. आमचं मत राखीव जागेला चालतं, मग आमची उमेदवारी का नाही?

आपल्या जिल्ह्यात मोहोळ आणि माळशिरस हे दोन मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. सोलापूर लोकसभाही 2009 पासून राखीव. या मतदारसंघांतल्या ख्रिस्ती मतदाराला मतदान करता येतं. पण त्याचे आजोबा महार किंवा मांग समाजातून ख्रिस्ती झाले असतील आणि त्याच्या कागदावर धर्म ख्रिस्ती असेल, तर तो या जागेवर उभा राहू शकत नाही.

याचं मूळ 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये त्यात शिखांची भर पडली, 1990 मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुस्लीम आजही बाहेर आहेत. 1985 च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा आदेश कायम ठेवला. 2007 मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची ही अट काढून टाका अशी शिफारस केली, ती तशीच पडून राहिली. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दोन वर्षांत अहवाल द्यायचा होता, 2024 मध्ये आणखी एक वर्षाची मुदतवाढ मिळाली.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीच्या यादीत जागा आहे, हे खरं. पण ओबीसीचा दाखला म्हणजे अनुसूचित जातीचा दाखला नव्हे. ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण त्यात येत नाही. गावात शिवी देणारा मात्र धर्म विचारून शिवी देत नाही, तो जुनी जातच काढतो.

यातून गावोगाव काय झालंय हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त मोठ्यानं कोणी बोलत नाही. शाळेच्या दाखल्यावर हिंदू, रविवारी उपासनेला मंडळीत. पोरीची फी, पोराची नोकरी, घरकुलाची यादी सगळं त्या दाखल्याला बांधलेलं. माणूस एका कागदासाठी आपली श्रद्धा लपवत जगतो, आणि कोणी तक्रार केली तर दाखला जाईल ही धास्ती कायम. लपवणाऱ्याला खोटारडा म्हणणं सोपं आहे. त्याला लपवायला कशानं भाग पाडलं हा प्रश्न अवघड आहे.

उमेदवार इथं म्हणेल, "हा दिल्लीचा विषय, आमदाराच्या हातात नाही." अर्धं खरं आहे. आदेश संसदच बदलू शकते. पण विधानसभा ठराव करून केंद्राला शिफारस करू शकते. आंध्र प्रदेशच्या विधानसभेनं मार्च 2023 मध्ये आणि तमिळनाडूच्या विधानसभेनं एप्रिल 2023 मध्ये असा ठराव केलाय. म्हणून प्रश्न असा विचारायचा : "निवडून आलात तर महाराष्ट्र विधानसभेत असा ठराव मांडाल का? मांडला गेला तर बाजूनं मत द्याल का?" याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच आहे.

दुसरी बाजूही ऐकून घ्यायला हवी. अनुसूचित जातीतल्या काही संघटनांचा याला विरोध आहे. आहे त्या वाट्यात आणखी वाटेकरी नकोत, असं त्यांचं म्हणणं. ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. तेव्हा पुढचा प्रश्नही तयार ठेवा : "आमचा समावेश झाला तर आरक्षणाची टक्केवारी त्या प्रमाणात वाढवावी, अशी तुमच्या पक्षाची भूमिका आहे का?" महाविकास आघाडीनं 2024 मध्ये जातगणनेचं आणि 50 टक्क्यांची मर्यादा काढण्याचं आश्वासन दिलं होतं. त्या गणनेत ख्रिस्ती घरातली जात मोजणार की नाही, हे त्यांच्या उमेदवाराला विचारता येईल.

बौद्ध समाजाला 1956 च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या यादीत यायला 34 वर्षं लागली. महाराष्ट्र सरकारनं मात्र आपल्या पातळीवर त्यांना सवलती खूप आधी दिल्या होत्या. राज्यानं ठरवलं तर राज्याच्या हातात काहीतरी असतं, याचा दाखला आपल्याच शेजारच्या घरात आहे.

2. धर्मांतर कायद्याचा मसुदा दाखवाल का?

10 नोव्हेंबर 2024 ला भाजपचं संकल्पपत्र आलं. त्यात जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्ध कडक कायदा करू असं आश्वासन होतं. जबरदस्ती किंवा आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराला कोणीच पाठिंबा देत नाही, देऊही नये. 1977 च्या स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क घटनेच्या कलम 25 मध्ये आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. ही चौकट आधीपासून आहे.

मग अडचण कुठं? अडचण कायद्याच्या बारीक अक्षरात असते. तक्रार कोण करू शकतो? उत्तर प्रदेशात जुलै 2024 मध्ये कायदा दुरुस्त झाला, त्यानंतर कुणीही तक्रार करू शकतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. तसं इथं झालं तर ज्याच्याशी वाद आहे तो शेजारी, हरलेला उमेदवार, बांधावरून भांडणारा भाऊबंद, कुणीही प्रार्थनेला बसलेल्या घरावर तक्रार देऊ शकेल. आजाऱ्यासाठी प्रार्थना केली तर ते आमिष का? गरीब पोराला वह्या दिल्या तर ते आमिष का?

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याच्या लोकांनी शिवेपलीकडं बघावं. कर्नाटकात 2022 मध्ये असा कायदा झाला. सरकार बदललं आणि जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं. म्हणजे हा विषय पक्षाप्रमाणं बदलतो. म्हणून महायुतीच्या उमेदवाराला विचारा : "तक्रार फक्त स्वतः बाधित माणूस आणि त्याचे जवळचे नातेवाईक करू शकतील, की कुणीही? खोटी तक्रार केली तर शिक्षा काय?" आणि आघाडीच्या उमेदवाराला विचारा : "हा कायदा सभागृहात आला तर तुम्ही काय करणार? बोलणार, की त्या दिवशी गैरहजर राहणार?"

3. माती द्यायला जागा कुठं आहे?

हा प्रश्न ऐकायला छोटा, पण ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला विचारा. पुष्कळ गावांत ख्रिस्ती घरांना दफनासाठी नोंदलेली जागा नाही. कुणाच्या शेताच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, नाहीतर मृतदेह घेऊन तालुक्याच्या किंवा सोलापूरच्या ख्रिस्ती कबरस्थानापर्यंत जायचं. पावसाळ्यात तर हाल विचारू नका. शेत विकलं गेलं की नवा मालक म्हणतो, इथं पुरायचं नाही.

यात दिल्लीचा काही संबंध नाही. गावात गायरान किंवा सरकारी जमीन असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि महसूल खात्याची मंजुरी लागते. जागा मिळाल्यावर कुंपण, रस्ता, पाणी यासाठी जनसुविधा योजनेत दहन-दफनभूमीची कामं बसतात. अल्पसंख्याक वस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी राज्याची वेगळी योजनाही आहे. शिवाय आमदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो.

मग काम का होत नाही? एक कारण असं होतं, की 2024 च्या निवडणुकीच्या वेळी सोलापूर जिल्हा परिषदेवर मार्च 2022 पासून प्रशासक होता. गटाचा सदस्य नव्हता, पंचायत समितीचा सदस्य नव्हता. चार घरांच्या वस्तीचा अर्ज पुढं रेटायला कुणी नव्हतं. तेव्हा विचारा : "आपल्या मतदारसंघातल्या कोणत्या गावांत ख्रिस्ती दफनभूमी नाही, याची यादी पहिल्या वर्षात तहसीलदारांकडून करून घ्याल का?" जागेचं आश्वासन नंतर. आधी यादी. यादी झाली की काम मोजता येतं.

4. प्रार्थनेवरून त्रास झाला तर फोन कोण उचलणार?

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. 2016 मध्ये विधिमंडळानं तो एकमतानं मंजूर केला आणि 2017 मध्ये लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानातून किराणा नाकारणं, विहिरीवर येऊ न देणं, कामावर न बोलावणं, धार्मिक कार्यक्रमाला अडवणं हे सगळं त्यात येतं. जातपंचायतीच्या जाचातून हा कायदा आला, पण तो सगळ्यांसाठी आहे.

कायदा असला तरी गावात पहिला फोन पोलीस पाटलाला जातो, दुसरा पुढाऱ्याला. पुढारी "मिटवून घ्या" म्हणाला की तक्रार तिथंच संपते. म्हणून प्रश्न : "आमच्या वस्तीवर असा प्रसंग आला तर तक्रार नोंदवून घ्या असं तुम्ही ठाण्याला सांगणार, की मिटवून घ्या असं आम्हाला सांगणार?" हा प्रश्न चारचौघांत विचारा. उत्तर ऐकायला गावातली बाकीची माणसं हवीत.

5. शिष्यवृत्ती बंद झाली, तेव्हा तुम्ही कुठं होता?

अल्पसंख्याक मुलांना पहिलीपासून मिळणारी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2022-23 पासून फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. पहिली ते आठवीची बंद झाली. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहेच, असं सरकारचं म्हणणं. त्याच वर्षी संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही थांबली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात वर्षाचे हजार रुपये म्हणजे दप्तर, वह्या आणि चप्पल असते.

दुसरीकडं, राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं भागभांडवल 1000 कोटींपर्यंत वाढवण्याचा निर्णय ऑक्टोबर 2024 मध्ये झाला. महामंडळाचं नाव ऐकून अनेक ख्रिस्ती घरांना ते फक्त मुस्लिमांसाठी आहे असं वाटतं. तसं नाही. मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन, पारशी हे सगळे त्यात येतात. शिक्षणासाठीही कर्ज मिळतं. उमेदवाराला विचारा : "आपल्या तालुक्यातल्या किती ख्रिस्ती मुलांना या महामंडळाचं कर्ज मिळालं, हा आकडा विधानसभेत प्रश्न विचारून काढाल का?" तारांकित प्रश्न विचारणं हा आमदाराचा हक्कच आहे. त्याला निधी लागत नाही.

6. आणि पाणी? ऊस? मजुरी?

ख्रिस्ती माणूस रविवारी ख्रिस्ती असतो, आणि आठवडाभर शेतमजूर, ऊसतोड कामगार, नर्स, शिक्षक, छोटा शेतकरी असतो. 31 ऑक्टोबर 2023 ला सरकारनं राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपले करमाळा, माढा, बार्शी, सांगोला, माळशिरस होते. टँकर आला तेव्हा त्यानं धर्म विचारला नाही. उसाची एफआरपी 14 दिवसांत द्यायचा नियम आहे, ती थकते तेव्हा ती सगळ्यांचीच थकते.

म्हणून सहावा प्रश्न सगळ्या गावाचा : "उजनीच्या पाण्याचं आवर्तन आमच्या शेवटच्या चारीपर्यंत कधी पोचणार, आणि कारखान्याकडं थकलेल्या बिलाचं काय?" हा प्रश्न ख्रिस्ती वस्तीनं उचलला तर गाव त्यांच्या बाजूला उभं राहतं. आणि गाव बाजूला असेल तर दफनभूमीचा ठरावही ग्रामसभेत लवकर होतो. चार घरांची ताकद चार घरांत नसते, शेजारात असते.

प्रश्न विचारा, पण चर्चच्या आत नको

एक काळजी घ्या. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123(3) नुसार धर्म किंवा जातीच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 2 जानेवारी 2017 रोजी 4 विरुद्ध 3 अशा बहुमतानं सांगितलं, की उमेदवाराच्याच काय, मतदाराच्या धर्माच्या नावानंही मत मागता येत नाही. हा खटला आपल्याच राज्यातला, मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघाचा. आचारसंहितेनुसार मंदिर, मशीद, चर्च यांचा वापर प्रचारासाठी करता येत नाही, आणि 1988 चा कायदाही धार्मिक जागेचा राजकीय कामासाठी वापर करू देत नाही.

म्हणजे पाळकसाहेबांनी उपासनेत "अमक्याला मत द्या" म्हणायचं नाही, आणि उमेदवाराला व्यासपीठावर बसवायचं नाही. पण मतदार म्हणून समाजमंदिरात, पारावर, अंगणात जमून उमेदवाराला प्रश्न विचारायला कुठलीही बंदी नाही. उलट तेच व्हायला हवं.

काही साध्या गोष्टी :

– सहाही प्रश्न एका कागदावर लिहा, सगळ्या उमेदवारांना तोच कागद द्या. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा नको.
– प्रत्येक प्रश्नापुढं "हो / नाही / सांगता येत नाही" असे तीन रकाने ठेवा. "सांगता येत नाही" हेसुद्धा उत्तर आहे.
– उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मोबाईलवर दिसतं. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं. प्रश्न विचारायच्या आधी ते वाचा.
– पैसे, साड्या, दारू वाटप दिसलं तर सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाका.

आपल्याच घरातला एक प्रश्न

उमेदवाराला प्रश्न विचारताना एक प्रश्न आपल्याच लोकांनाही विचारायला हवा. मिशनच्या काळातल्या जमिनी, शाळा, बंगले आज ट्रस्टच्या ताब्यात आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय अशी मालमत्ता विकता येत नाही. आपल्या मंडळीच्या जागेचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हिशेब दरवर्षी सादर होतो का, हे सभासदांना माहीत असावं. दफनाला जागा द्या म्हणून सरकारकडं हात पसरताना आपली होती ती जागा कुठं गेली, हे कुणी विचारलं तर उत्तर असायला हवं.

वेगळी जागा नको म्हटलं होतं

इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात भारतीय ख्रिश्चनांना कायदेमंडळात वेगळ्या राखीव जागा होत्या, मुंबई प्रांतातही होत्या. स्वातंत्र्यानंतर घटना समितीत धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा 1949 मध्ये सोडून देण्यात आल्या. त्यात पुढाकार घेणारे हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते आणि घटना समितीचे उपाध्यक्ष होते. विचार असा होता, की सगळ्यांच्या मतात आपलं मत मिसळावं आणि निवडून येणारा माणूस सगळ्यांना उत्तर देणारा असावा.

त्या वेळी दाखवलेला विश्वास खरा ठरला की नाही, हे दर पाच वर्षांनी तपासायचं असतं. निकालाचा गुलाल उधळला की कागद फेकून देऊ नका. जो निवडून येईल तो नाताळला केक कापायला येईलच. तेव्हा शुभेच्छा घ्या, चहा द्या, आणि तोच कागद पुन्हा पुढं ठेवा.